चार वाजताचं हॉटेल

माझा मुलगा मेनू कार्ड मोठ्यानं वाचतो. मनात वाचता येत नाही म्हणून नव्हे. मेनू कार्ड ही मोठ्यानंच वाचायची गोष्ट आहे असं त्याचं पक्कं मत आहे. पहिल्या पानावरच्या सूपपासून शेवटच्या पानावरच्या आइस्क्रीमपर्यंत एकही नाव न गाळता, स्टेशनावर गाड्यांची घोषणा होते तशा आवाजात तो वाचतो. छापणाऱ्यानं ‘मंचुरियन’चं ‘मंचूरन’ केलं असेल, तर तोही मंचूरनच म्हणतो. सगळं वाचून झालं की कार्ड मिटून बाजूला ठेवतो आणि दहीभात खातो.

तो आता आठ वर्षांचा आहे. त्याची बहीण त्याच्याहून चांगली मोठी, माझ्या खांद्याला लागायला आलेली. ती फार बोलत नाही. बोलली तर एखादा शब्द, तोही बहुतेक हिंदीत. दोघांनाही ऑटिझम आहे. मुलीच्या वेळी नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तो शब्द आम्हाला सांगितला. मुलाच्या वेळी आम्हीच त्यांना सांगितला.

लोकांना वाटतं, दोघं सारखीच असतील. पण ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. तिला आवाज सोसत नाही, त्याला आवाजाशिवाय करमत नाही. स्वयंपाकघरात ताट पडलं की ती दोन्ही कान दाबून धरते आणि तो पळत येऊन म्हणतो, “फिर से!” तिला भिंतीला पाठ लावून बसायला आवडतं, त्याला खोलीच्या मधोमध. अशी दोघं घेऊन हॉटेलात जायचं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी अशी मुलं आहेत त्यांना सांगावं लागत नाही.

आम्ही बालाघाटचे. सासरे सिंचन विभागाच्या नोकरीत इथं आले आणि इथलेच झाले. नवराही त्याच खात्यात लागला. मी सरकारी शाळेत शिकवते. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि मुलांचं आपलं दोन्हींच्या मधलं काहीतरी.

मुलगी लहान असताना एकदा आम्ही तिला घेऊन हॉटेलात गेलो होतो. नवऱ्याला बढती मिळाली होती. रविवारची संध्याकाळ, सगळी टेबलं भरलेली, वर गाणी चालू. आम्ही ऑर्डर देतो न देतो तोच शेजारच्या टेबलावर धूर सोडणारं, चर्रचर्र वाजणारं सिझलर आलं. मुलगी किंचाळली आणि टेबलाखाली शिरली. तिच्यामागे मीही शिरले. तिथून मला फक्त लोकांच्या चपला दिसत होत्या आणि त्या सगळ्या आमच्या दिशेनं वळल्या होत्या. एक बाई म्हणाली, “आजकल बच्चों को कुछ सिखाते ही नहीं।” नवऱ्यानं मागवलेलं सगळं बांधून घेतलं. घरी येऊन मुलगी झोपली आणि आम्ही दोघांनी ओट्यापाशी उभ्यानं थंड नान खाल्ले.

त्यानंतर आमचं पार्सलयुग सुरू झालं आणि ते फार वर्षं चाललं. गावातल्या प्रत्येक हॉटेलचं पार्सल काउंटर नवऱ्याला माहीत होतं. कुठला रस्सा पिशवीतून गळतो, कुठल्या रोट्या घरी येईपर्यंत चामडं होतात, हेही माहीत होतं. मुलगा झाला, तो वाचायला शिकला, आणि पार्सलबरोबर येणारी मेनूची पत्रकं हे त्याचं वेड झालं. पण हॉटेलच्या आत जाऊन खुर्चीवर बसणं आमच्या आयुष्यातून निघून गेलं होतं. आम्हाला त्याचं दुःखही होत नव्हतं. गेलं म्हणजे गेलं.

मग माझ्या नणंदबाई आल्या. त्या नवऱ्याहून मोठ्या. तो त्यांना बाई म्हणतो, म्हणून मीही बाईच म्हणते. लांजीकडे त्यांची धानाची शेती आहे. कापणी आटपून, दिवाळीनंतर, त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या. सोबत चिन्नोर तांदळाची गोणी आणि पिशवीभर शिंगाडे. त्यांचा आवाज असा, की त्या आमच्या अंगणात बोलल्या तर गल्लीच्या टोकाचा किराणा दुकानदार उत्तर देईल. मुलीचं कसं होणार याची मला काळजी होती. पण बाई आल्या त्या दिवशीच तिनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला, आणि बाई तेव्हापासून तिच्यासमोर कुजबुजायला लागल्या. त्यांची कुजबुज म्हणजे आमचं साधं बोलणं, पण तिला ते चालायचं.

ऑपरेशन चांगलं झालं. डोळ्यावरची पट्टी निघाली, काळा चष्मा आला. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं बहिणीसाठी डोसा पार्सल आणला. बाईंनी पुडा उघडला, डोसा दोन बोटांनी उचलला आणि चष्म्यातून पाहत राहिल्या.

“हा डोसा व्हय का ओला टॉवेल?” त्या म्हणाल्या. “काहून वं वहिनी, तुमी लोकं हॉटेलात बसून खातच नाही का कधी?”

“मुलांना जमत नाही, बाई.”

“कोनाले नाही जमत? पोराइले, का तुमाले?”

नवरा म्हणाला, “बाई, तुले नाही समजत. तिथं गर्दी राहते, आवाज राहते. पोरगी घाबरते.”

“मंग गर्दी नसन तवा जाऊ. हॉटेल काय रातीच उघडते?”

एवढी साधी गोष्ट. हॉटेलात जायचं म्हणजे संध्याकाळी, नटूनथटून, सगळे जातात तेव्हाच, असं आम्ही धरून चाललो होतो. दुपारी चार वाजता हॉटेल कसं असतं हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर एक हॉटेल आहे. नवऱ्यानं तिथं फोन केला आणि विचारलं, चार वाजता कोपऱ्यातलं टेबल मिळेल का, आणि टीव्ही बंद ठेवता येईल का. मालक म्हणाला, “टेबल तो सब ख़ाली है साहब। पर टीवी में मैच चल रहा है।” शेवटी चित्र चालू आणि आवाज बंद असं ठरलं.

रविवारी चार वाजता आम्ही जिना चढलो. मुलीच्या कानांवर तिचे जाड हेडफोन, माझ्या पिशवीत तिचं घरचं ताट, कारण दुसऱ्या ताटात ती खात नाही. आत कोणीच नव्हतं. अर्ध्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, नुकतीच पुसलेली फरशी, खिडकीतून पिवळं ऊन. मालक काउंटरवर गालाला हात लावून मॅच बघत होता. मुलगी दारात थांबली. मग सरळ कोपऱ्यात गेली, भिंतीला पाठ लावून बसली, आणि हातानं आपल्या शेजारची खुर्ची थोपटली. बाईंसाठी.

मुलानं मेनू वाचायला घेतला. रिकाम्या हॉलमध्ये त्याचा आवाज घुमला आणि तो अजूनच खूष झाला. डोसे आले, कुरकुरीत, ताटाबाहेर दोन्हीकडे डोकावणारे. मुलीनं डोशाचं टोक मोडलं, खाल्लं, दुसरं टोक मोडलं, खाल्लं, उठली आणि जिन्याकडे चालायला लागली. मी ताडकन उभी राहिले. पिशवी उचलली, मुलाचा हात धरला, वेटरला ‘पॅक कर दो’ म्हणायला तोंड उघडलं. इतक्या वर्षांची सवय ती.

“बस,” बाई म्हणाल्या. “ते गेली तं गेली. तिचा बाप गेला ना संगं? तू खा.”

मी बसले. नवरा आणि मुलगी खाली गल्लीत फेऱ्या मारत होते, ते खिडकीतून दिसत होतं. ती शांत होती, त्याच्या बोटाला धरून सायकलच्या दुकानासमोर उभी होती. मी डोसा खाल्ला. गरम होता. चटणीत कढीपत्ता होता. समोर नणंद, शेजारी मुलगा आइस्क्रीमच्या पानावर पोचलेला. एक जण उठला म्हणजे सगळ्यांनी उठायला पाहिजे असं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. मग नवरा वर आला, मी खाली गेले, आणि त्यानं त्याचा डोसा खाल्ला.

त्यानंतर प्रत्येक रविवारी चार वाजता आम्ही तिथं जायला लागलो. मुलगी वर येण्याआधी गल्लीला एक फेरी मारायची, मग जिना चढायची. बसण्याचा वेळ कधी वाढायचा, कधी एकदम कमी व्हायचा. एका रविवारी ती जिन्यातूनच परत फिरली, तेव्हा आम्ही सगळे नदीवर गेलो आणि बाईंनी काठावर बसून सगळ्यांना शिंगाडे सोलून दिले.

बाई गावी परतायच्या आधीच्या रविवारी मात्र जे झालं, ते आठवलं की मला अजूनही शाळेत मधेच हसू येतं.

त्या दिवशी नेहमीचा वेटर सुट्टीवर होता. नवीन माणूस होता, मध्यम वयाचा, दाढी नीट कातरलेला, फार अदबशीर. नवरा मुलीला घेऊन गल्लीच्या फेरीला गेला होता. बाई हात धुवायला गेल्या होत्या. आमचं कोपऱ्यातलं टेबल डगमगत होतं, आणि डगमगणारं टेबल मुलीला अजिबात खपत नाही. म्हणून ती वर यायच्या आत मी पुठ्ठ्याची घडी करून टेबलाच्या पायाखाली घालायला खाली वाकले होते. वर मुलाचं वाचन सुरू झालं. टोमॅटो सूप, स्वीट कॉर्न सूप, मनचाऊ सूप. नेहमीचंच, मी लक्ष दिलं नाही.

“जी,” वेटरचा आवाज आला. “और?”

“वेज क्रिस्पी. पनीर चिली. मशरूम चिली. मंचूरन ड्राय. मंचूरन ग्रेवी.”

“जी। सब एक-एक प्लेट?”

“एक-एक प्लेट,” मुलगा म्हणाला. शेवटचे शब्द परत म्हणायची त्याची सवय आहे. कुणी काही विचारलं की तो प्रश्नाचं शेपूटच उत्तर म्हणून देतो.

“तीखा रखें?”

“तीखा रखें.”

माझा पुठ्ठा नीट बसत नव्हता. मला ऐकू येत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. मी उठून केस सारखे करेपर्यंत वेटर आत गेला होता. मला वाटलं, येईल परत ऑर्डर घ्यायला.

तो परत आला तो ट्रे घेऊन. त्यानं एकेक वाडगा टेबलावर ठेवायला सुरुवात केली. लाल सूप, पिवळं सूप, तपकिरी सूप, आणखी एक तपकिरी सूप. बाई पदराला हात पुसत आल्या आणि थबकल्या.

“हे कोनं मांगवलं वं?”

“मैडम, भैया ने ऑर्डर दिया ना,” वेटर म्हणाला. “स्टार्टर लग रहे हैं। मेन कोर्स में थोड़ा टाइम लगेगा, बहुत आइटम हैं। आइसक्रीम तो लास्ट में ही लाऊँ?”

मी मुलाकडे पाहिलं. मुलगा वाडग्यांकडे पाहत होता. आत कढईचा आवाज, झाऱ्याचा आवाज, कांदा पडल्याचा चर्र आवाज. मी म्हणाले, “भैया, वो ऑर्डर नहीं था। वो सिर्फ़ पढ़ रहा था।”

वेटरचा चेहरा पडला. “पर मैंने तो पूछा था मैडम। बोला, एक-एक प्लेट।” आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. त्यानं खरंच विचारलं होतं.

तेवढ्यात बाईंना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग टेबल हललं (पुठ्ठा निघाला), मग काळा चष्मा काढून त्या पदरानं डोळे पुसायला लागल्या. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हटलं होतं, ते मी ओरडून सांगत होते आणि मलाही हसू आवरत नव्हतं. मालक काउंटर सोडून आला. “क्या हुआ, बहनजी? आज पार्टी है क्या?” त्याला कळल्यावर तो आत धावला, “रोको, रोको!” म्हणत. स्वयंपाकी हातात झारा घेऊनच बाहेर आला. त्यानं सांगितलं, क्रिस्पी आणि दोन्ही मंचुरियन तयार आहेत, पनीर कढईत आहे, बाकीच्याचा फक्त कांदा चिरला आहे. ठरलं असं, की जे झालं ते येऊ द्यायचं, जे झालं नाही ते राहू द्यायचं. चिरलेल्या कांद्याचं स्वयंपाक्याला वाईट वाटत होतं, पण रात्री लागेलच, असं तोच म्हणाला.

या सगळ्या गोंधळात मुलाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तो उभा राहिला होता. एकेका वाडग्याच्या काठाला बोट लावून नाव म्हणत होता. “टोमॅटो सूप. स्वीट कॉर्न सूप.” दोन तपकिरी सुपांपाशी अडला. स्वयंपाक्यानं वाकून सांगितलं, “ये मनचाऊ, और ये हॉट एंड सॉर।” मुलानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्याचा चेहरा मी आधी तसा कधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं ती नुसती नावं होती, कागदावरची. आज ती कागदावरून उतरून, वाफा सोडत समोर येऊन बसली होती.

तोवर क्रिस्पी, पनीर आणि दोन्ही मंचुरियनही टेबलावर आली, आणि नेमक्या त्याच वेळी नवरा आणि मुलगी वर आले. नवरा दारातच उभा राहिला. हॉटेलात मालक, स्वयंपाकी, वेटर, बायको, बहीण सगळे एका टेबलाभोवती, आणि टेबलावर तीळ ठेवायला जागा नाही. “काय झालं?” तो म्हणाला. बाईंनी हसत हसत नुसतं मुलाकडे बोट दाखवलं.

मला वाटलं, मुलगी आता मागच्या मागे पळणार. एवढी माणसं, एवढं हसणं. तिनं हेडफोन हातांनी घट्ट दाबले. पण तिची नजर टेबलावर होती. वाडगे वेडेवाकडे ठेवलेले होते, आणि ते तिला बघवेना. ती माणसांमधून वाट काढत आली आणि वाडगे एका ओळीत लावायला लागली. मुलगा म्हणाला, “पनीर चिली!” आणि तिनं पनीर चिली उचलून ओळीत ठेवली. तो म्हणाला, “मंचूरन ड्राय!” तिनं ती ठेवली. त्याचा आवाज चढला, तेव्हा तिनं काम थांबवून त्याच्या तोंडावर तळहात ठेवला, जसा बाईंच्या ठेवते तसा. आणि मुलगा कुजबुजत म्हणाला, “मंचूरन ग्रेवी.”

आमची ही दोन मुलं घरात दोन खोल्यांत राहतात. एक टीव्हीपाशी, एक कपाटामागे. दोघांनी मिळून काही केलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तो हळू आवाजात नावं सांगत होता, ती वाडगे सरकवत होती, आणि आम्ही मोठी माणसं बाजूला उभे होतो. नवऱ्यानं माझा दंड पकडला होता. केवढ्या जोरात, ते घरी गेल्यावर कळलं.

ओळ पूर्ण झाल्यावर मुलगी आपल्या कोपऱ्यात बसली. तिनं पिवळ्या सुपात एक बोट बुडवलं, चाटलं, तोंड वाकडं केलं आणि बोट बाईंच्या नव्या लुगड्याला पुसलं. बाई म्हणाल्या, “पुस बाई, पुस.” तिच्यासाठी साधा डोसा आला, मुलासाठी दहीभात आला, आणि बाकीचं संपवायचं आमच्यावर आलं. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. खिडकीपाशी एक म्हातारं जोडपं येऊन बसलं होतं, लालबर्र्याच्या बसची वाट पाहत चहा प्यायला आलेलं. बाईंनी त्यांच्यापुढे सूप नेऊन ठेवलं. “घ्या ना, गरम हाय. आमच्या नातवानं मांगवलं.” भाच्याचा नातू केव्हा झाला, ते त्यांनाच ठाऊक. मालक खुर्ची ओढून बसला. वेटर आधी नाही नाही म्हणाला, मग उभ्यानंच क्रिस्पी खायला लागला. स्वयंपाक्यानं स्वतःचं मंचुरियन चाखून मीठ कमी असल्याचं कबूल केलं. मॅच कुणी पाहिलीच नाही.

मुलगी शेवटपर्यंत बसली. ऊन खिडकीतून निघून गेलं, दिवे लागले, पहिलं गिऱ्हाईक जिना चढून आलं, तेव्हा ती उठली आणि आम्ही सगळेच उठलो.

बाई लांजीला गेल्या. आम्ही मुलाला एक वाक्य शिकवलं. आता मेनू हातात घेतला की तो आधी वेटरकडे बघून घोषणा करतो, “अभी सिर्फ़ पढ़ रहा हूँ।” तो दाढीवाला वेटर तिथं कायमचा लागला आहे. तो खिशात पेन ठेवून देतो, हात मागे बांधतो आणि म्हणतो, “पढ़िए।” बाईंचा रविवारी रात्री फोन येतो. त्या आवाज चढवून विचारतात, “आज का का वाचलं रे?” आणि मुलगा त्यांना सगळं परत ऐकवतो. पलीकडे बाई कधीच मधे फोन ठेवत नाहीत.

मागच्या महिन्यात आम्ही थोडं धाडस केलं. गोंदिया रोडवर एक मोठं नवीन हॉटेल झालंय, हिरवळ, कारंजं वगैरे. तिथं गेलो. आम्ही निम्मं जेवलो असू, तोच लग्नाचं एक मोठं वऱ्हाड बसमधून उतरलं. मुलीनं आपलं ताट उचललं, माझ्या पिशवीत स्वतःच घातलं, आणि म्हणाली, “घर.” तिनं सांगितलं, हे मला महत्त्वाचं वाटलं. किंचाळली नाही, टेबलाखाली गेली नाही. म्हणाली, घर. आम्ही वेटरला बोलावलं, उरलेलं बांधून घेतलं आणि निघालो.

घरी येऊन गच्चीवर सतरंजी टाकली. थंडीतलं ऊन होतं. तिनं हेडफोन काढून ठेवले आणि भिंतीला पाठ लावून बसली. मुलानं येताना मागून घेतलेलं पत्रक वाचायला घेतलं. नवऱ्यानं पुडे उघडले, रोट्या अजून मऊ होत्या. मी डाळीत लिंबू पिळलं आणि आम्ही जेवण तिथूनच पुढे सुरू केलं.